सारंगाच्या घरातली बहाती आणि आमच्या वन्सं

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओकव्हिलच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये कलिंगड वाजवून बघत होते. फोन सस्काटूनहून, त्यांच्या शेजारणीचा, ओल्गाबाईंचा. सकाळचा चहा ठेवला होता, खुर्चीत बसल्या होत्या, आणि... संपलं. वय शहाऐंशी. मी 'थँक यू' म्हटलं, कलिंगड कार्टमध्ये ठेवलं, घरी आणलं, चिरलंसुद्धा. मग ओट्याशी उभी असताना लक्षात आलं की आता मला 'सुमे' अशी हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. पंचाहत्तरी ओलांडल्यावर असं एकदम मोठं होणं बरं नव्हे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सस्काटूनच्या विद्यापीठात इतिहास शिकवला. विषय कुठला, तर समुद्र. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात आणि इराणच्या आखातात गस्त घालायचं, गुलामांची आणि पुढे बंदुकांची चोरटी ने-आण पकडायला. त्या गस्तीचा त्यांचा अभ्यास. चहूकडे नजर जाईल तिथवर गहू, आणि मधोमध ही बाई मायक्रोफिल्मच्या यंत्राला डोळे लावून जहाजांच्या रोजनिशा वाचत बसलेली. कुणी हसलं की म्हणायच्या, समुद्राकाठी राहणाऱ्याला फक्त लाटा दिसतात.

मी कॅनडात आले ती थेट त्यांच्याकडेच, कारण आमच्या ह्यांची नोकरी तेव्हा सहा महिने कुठल्याशा धरणाच्या साइटवर होती. सासरच्या बाईशी कसं बोलायचं याची मी विमानात तालीम केली होती. 'आमच्याकडे असं नसतं हं' हे वाक्य चार वेगवेगळ्या सुरांत पाठ. अंगावर नायलॉनची साडी, पायात मोजे घालून त्यावर चपला, महिना फेब्रुवारी. वन्सं विमानतळावर माझ्यासाठी पार्का, म्हणजे जाडजूड कोट, आणि बूट घेऊन उभ्या. मी पार्का घालायला नकार दिला. का? तर साडीच्या निऱ्या दिसणार नाहीत म्हणून! वन्संनी वाद घातला नाही. 'बरं' म्हणाल्या आणि दार उघडून मला पुढे जाऊ दिलं. गाडीपर्यंतच्या पन्नास पावलांत मी पार्का मागितला, बूट मागितले, आणि चारही सुरांतलं वाक्य विसरले ते आजतागायत.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला शिकवलं, बँकेत एकटीला पाठवलं आणि टायपिंग शिकवलं. माझ्या हातांवर किचनचा टॉवेल टाकायच्या, म्हणजे मला अक्षरं बघता येऊ नयेत. मला आधी अपमान वाटला. बी.ए. झालेली मुलगी मी, आणि ही मला कारकुनी शिकवते! पण पुढे आम्ही इकडे आलो, तेव्हा नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात मला जी पहिली नोकरी मिळाली ती त्या टॉवेलच्या पुण्याईनं.

आता आमच्या घराण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगायची ह्यांना फार हौस होती. ह्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, अशाच एका गस्तीच्या जहाजावर सारंग होते, म्हणजे आपल्या खलाशांचे मुकादम. अरबांचं गलबत पकडून त्यांनी गुलाम सोडवले, सरकारनं पदक दिलं. पदक आमच्या लिव्हिंग रूममध्ये काचेच्या कपाटात होतं. मंडळाच्या गणपतीत कुणी नवा पाहुणा भेटला की हे सुरू करायचे, आणि सोडवलेल्या गुलामांची संख्या दर वर्षी वाढायची. मीही काही कमी नव्हते. प्रसादाचे मोदक वळताना मी बायकांना अशी सांगायची, जणू गलबताचा पाठलाग करणाऱ्या होडीत वल्हं मीच मारत होते. आमच्या अनघानं ग्रेड फाइव्हमध्ये त्यावर प्रोजेक्ट केलं. पुठ्ठ्याचं जहाज, वर कापसाच्या मिशीचे पणजोबा. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी वन्संचं इंग्रजी पुस्तक लिहून झालं. हस्ताक्षरातले गठ्ठे त्या पोस्टानं पाठवायच्या आणि मी ऑफिसातून आल्यावर बेसमेंटमध्ये बसून टाइप करायची. मला मजा यायची. खजुराच्या पोत्यांखाली दडवलेल्या बंदुका; पळवून आणलेल्या पोरांना चांगले कपडे घालून 'ही खलाशाची भाची, हा पुतण्या' म्हणून उभं करणारे गलबतांचे नाखवे; आणि एकेका संशयित गलबताच्या मागे उन्हात दोन-दोन दिवस वल्ही मारणारे आपले कोकणी लोक, ज्यांची नावं साहेबाच्या अहवालात कधी येत नाहीत. पणजोबांचंही आलं. गलबतावर उडी घेणारे पहिले तेच. माझी बोटं अभिमानानं भराभर पळत होती. आणि पुढच्या कागदावर ती थांबली.

त्या गलबतावर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. सरकारी नोंदवहीत तिचं नाव होतं, बहाती. सोडवलेल्या पोरांना कुठे ठेवायचं हा प्रश्न असायचा, म्हणून काहींना 'सभ्य कुटुंबात' सांभाळायला देत. बहातीला दिलं सारंगाच्या हवाली. ती आमच्या घरी आली आणि मरेपर्यंत आमच्याच घरी राहिली. भांडी घासली, पाणी भरलं, माझ्या सासऱ्यांना अंगाखांद्यावर वाढवलं, गोठ्याशेजारच्या खोलीत झोपली. मजुरी कधी मिळाली नाही, कुणी तिचं लग्न केलं नाही, आणि घरात तिला हाक मारायचे 'हबशीण'. वन्संनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून हे सगळं विचारून घेतलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, माझ्या पणजोबांनी तिला सोडवलं, पण सोडलं नाही.

मी तो कागद बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. ह्यांना सांगितलंसुद्धा नाही. डोळ्यांसमोर अनघाचं पुठ्ठ्याचं जहाज, मोदक वळणाऱ्या बायका... आणि खरं सांगू? मला वाटलं मी घराची अब्रू राखतेय. तिशीतली मी स्वतःला फार शहाणी समजायची. पुढच्या पानांचे आकडे असे बेमालूम जुळवले की ऑफिसातला साहेब खूश झाला असता. वाटलं, तीनशे पानांत एका पोरीची कुणाला आठवण येणार!

वन्संचा रविवारी फोन आला. एक कागद दिसत नाही गं, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचं अक्षर लागलं नाही. त्या म्हणाल्या, 'बरं.' तोच विमानतळावरचा 'बरं'. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्या स्वतः आल्या. जेवण झाल्यावर बेसमेंटमध्ये उतरल्या, टाइपरायटरपाशी बसल्या आणि तो मजकूर दोन बोटांनी टाइप करायला लागल्या. मला दहा बोटांनी शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला दोनच बोटांनी यायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मी कॉफी घेऊन गेले आणि पुन्हा अक्षराचा विषय काढला. त्यांनी मान वर केली नाही.

"सुमे, जन्मभरात हिचं नाव एकदाच कुणीतरी लिहिलं, तेही परक्या कारकुनानं. आपल्या घरानं ते पुसलं. आता पुन्हा पुसायचं तर दुसऱ्या कुणाकडून करून घे, मी शिकवलेल्या बोटांनी नको."

मी कॉफी ठेवून वर आले. माफी मागितली नाही. पुस्तक छापून आलं, बहातीसकट. ह्यांनी पदक कपाटातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दोन वर्षं सख्ख्या बहिणीशी बोलले नाहीत. मी ऑफिसातून लंच अवरमध्ये चोरून फोन करायची. वन्सं मला लोणच्याचं प्रमाण विचारायच्या, जे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्या कागदाबद्दल एक अक्षर नाही. पुढे बहीण-भावाचं जमलं, हे गेले, मुलं मोठी झाली. माझी माफी मात्र तशीच राहिली. या जूनमध्ये ठरवूनच सस्काटूनला गेले होते. चार दिवस राहिले. गुडघ्यांवर बोललो, ओल्गाबाईंच्या मांजरावर बोललो. निघताना त्यांनी माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याचे लाडू कोंबले. मी म्हटलं, वन्सं, मला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, 'माहीत आहे गं. टॅक्सी आली बघ.'

अंत्यविधीनंतर ओल्गाबाईंनी मला बाजूला घेतलं. दर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, एक दिवस वन्सं सकाळपासून रांधायच्या, बाल्कनीत एक वाढलेलं ताट ठेवायच्या आणि एक नाव मोठ्यानं घ्यायच्या. कावळा कुठला, मॅगपाय पक्षी येऊन खीर सांडून जायचे. कुणासाठी असं विचारलं तर म्हणायच्या, आमच्या घरातली मुलगी आहे, तिचं करायला कुणी नाही. मी चकित झाले. आई-वडिलांच्या श्राद्धाला 'तुझं तू कर' म्हणून भावाला टोलवणारी ही नास्तिक बाई! सर्वपित्री अमावस्या कधी येते हे मला फोन करून का विचारायच्या, ते तेव्हा उमगलं. मला वाटायचं, वय झाल्यावर देवभोळ्या झाल्या.

यंदाच्या सर्वपित्रीला मी फ्रोझन गवारीची भाजी केली, वडे केले, भोपळा, आमसुलाची चटणी, खीर. वन्संचं ताट नाही वाढलं. वर्ष व्हायच्या आत वाढत नाहीत, आणि वाढलं असतं तर त्या खो खो हसल्या असत्या. एकच वाढलं आणि मागच्या डेकवर नेऊन ठेवलं. अनघा आणि तिची लेक ईशा जेवायला आल्या होत्या. ईशा दारातून डोकावली. "आजी, हू इज दॅट फॉर?"

मी हात जोडलेले होते. मोठ्यानं म्हटलं, "बहाती. आपल्या घरातली."

मागून अनघानं विचारलं, आई, कोण बहाती? पुस्तक आमच्या शेल्फवर चाळीसेक वर्षं आहे, पण इंग्रजी वाचणाऱ्या माझ्या लेकीनं ते उघडलेलं नाही आणि मीही कधी सुचवलं नाही. मी दोघींना टेबलाशी बसवलं. अनघाला म्हटलं, तुझ्या त्या पुठ्ठ्याच्या जहाजावर एक मुलगी राहून गेली, पण ती तू विसरली नव्हतीस, तुला ती कुणी सांगितलीच नव्हती, आणि पुढे मला कळल्यावर मी वगळली. खीर निवत होती. मी सांगायला सुरुवात केली, पण या वेळी पणजोबांच्या उडीपासून नाही... गोठ्याशेजारच्या खोलीपासून.