गावडे यांचा राजीनामा

राष्ट्राची उभारणी तरुणांच्या हातून होते. आमच्या संस्थेच्या फाटकावर हे वाक्य हिंदीत, निळ्या रंगात लिहिण्याचं काम चालू होतं, आणि लिहिणारे पेंटर साठीच्या पुढचे होते, कारण शहरातले तरुण पेंटर सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात गुंतले होते. ‘युवकों’मधला यु ऱ्हस्व की दीर्घ, असं त्यांनी शिडीवरूनच मला विचारलं. मी ऱ्हस्व म्हणून सांगितलं आणि वर्गात गेलो. वर्गात एक मुलगी बसलेली होती.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. राजधानी भोपाळला गेली होती आणि इंदूरच्या लोकांनी ते अजून मनावर घेतलं नव्हतं. तरुणांना हुन्नर शिकवण्यासाठी सरकारने जी प्रशिक्षण संस्था काढली, तिच्यात मी ड्रॉइंगचा इन्स्ट्रक्टर होतो. कोर्सचं नाव ड्राफ्ट्समन. इंजिनियर इमारत कशी हवी ते सांगतो, गवंडी ती बांधतो, आणि या दोघांच्या मध्ये बसून जो कागदावर रेघा ओढतो तो ड्राफ्ट्समन. शब्दाच्या शेवटी ‘मॅन’ असल्यामुळे ‘फक्त मुलांसाठी’ असं जाहिरातीत वेगळं लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मुलीचं नाव यमुना शंकरराव गावडे. अर्जावर तिने मराठी रिवाजाप्रमाणे ‘कु. य. शं. गावडे’ असं लिहिलं होतं. मराठीत ‘कु.’ मुलालाही लागतो आणि मुलीलाही. मॅट्रिकचे मार्क चांगले होते, यादी मार्कांवर लागली, आणि कु. गावडे वरून तिसरे आले. आता ते दोन वेण्या घालून खिडकीजवळच्या ड्रॉइंग बोर्डापाशी बसले होते. बाकीच्या मुलांनी तिच्याभोवती एकेक बाक रिकामा सोडला होता.

मी हजेरी घेतली. तिने “यस सर” म्हटलं. त्या दिवशीचा धडा स्केलचा होता, तो मी शिकवला. कागदावरची एक इंच रेघ म्हणजे जमिनीवर चार फूटही असू शकते आणि चाळीस फूटही. ते स्केलवर अवलंबून. म्हणून नकाशा हातात आला की आधी स्केल विचारायचं, मग पेन्सिल उचलायची. मुलांनी हे वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेल्या गोष्टी सहसा तिथेच राहतात.

मधल्या सुट्टीत सुपरिंटेंडेंटनी मला बोलावलं. रिसबूड साहेब जुने होळकर दरबारचे. संस्थान विलीन झालं तेव्हा टेबल-खुर्चीसकट ते नव्या सरकारात आले होते. माणूस सज्जन, पण वरून आलेला हुकूम आणि वरून न आलेला हुकूम, दोन्हींची त्यांना सारखीच भीती वाटे.

“दातार, तुमच्या वर्गात मुलगी आहे म्हणतात.”

“आहे.”

“मग आता?”

मी म्हणालो, शिकवीन. ते म्हणाले, शिकवाल हो, पण मुलींसाठी वेगळा संडास नाही, त्याचं काय? साहेबांनी भोपाळला ट्रंक कॉल लावला.

ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजमधून जोडून घेतलेला लांबचा फोन. त्यात ऐकू कमी यायचं, म्हणून दोन्हीकडची माणसं ओरडत. त्यामुळे साहेबांचं बोलणं सगळ्या संस्थेने ऐकलं, आणि पलीकडचं उपसंचालक श्रीवास्तव साहेबांचं बोलणं रिसिव्हरमधून फुटून माझ्यापर्यंत आलं. आपल्या साहेबांनी मुलगी, मुलांचा वर्ग, संडास, सगळं सांगितलं. पलीकडून काही वेळ नुसती खरखर आली. मग वाक्य आलं:

“लड़की के वालिद से राजीनामा ले लीजिए और किस्सा खत्म कीजिए।”

साहेबांनी रिसिव्हर ठेवला आणि रुमालाने कान पुसला. “सुटलो,” ते म्हणाले. “काढून टाका म्हणाले असते तर आपल्यावर आलं असतं. राजीनामा ही सभ्य गोष्ट आहे. मुलगी अज्ञान, म्हणून बापाकडून घ्यायचा. नियमाला धरून आहे.”

मलाही ते नियमाला धरून वाटलं. आवडलं नाही, पण सरकारी नोकरीत या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी यमुनाला थांबवून साहेबांचा निरोप सांगितला. तिने रेघा आखायचा टी-स्क्वेअर पुसून खुंटीला टांगला आणि शांतपणे विचारलं, “सर, राजीनामा तर नोकरीचा देतात ना?”

“हो.”

“मग आधी नोकरी तर लागू द्या. लागली की देईन.”

मी म्हटलं, हसण्यावारी नेऊ नकोस, भोपाळचा हुकूम आहे. तेव्हा तिने घरची हकीकत सांगितली. वडील वीज खात्यात लाइनमन. मामांनी देवासचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा तहसिलीत कारकून, आणि त्याची आई घाईत. वडिलांनी मामांना सांगितलं होतं, मुलगी सरकारी कोर्सला लागली आहे, दोन वर्षं थांबा. कोर्स सुटला तर थांबायला कारण उरत नव्हतं.

“मतलब, इथून उठले की सरळ बोहल्यावर,” ती म्हणाली. “मला बाकी काही नको सर. तो बोर्ड राहू द्या.”

गावडे स्वतः रविवारी माझ्या क्वार्टरवर आले. उंच, वाकलेला माणूस. त्यांचे वडील होळकरांच्या रिसाल्यात स्वार होते. चहा घेतला आणि म्हणाले, “मास्तरसाहेब, आमच्या खानदानात राजीनामा कोणी दिला नाही. घोडे गेले, रिसाला गेला, संस्थान गेलं, लेकिन वडिलांनी राजीनामा नाही दिला. ते तर सरकारनेच घरी पाठवलं. तुम्हाला पाठवायचं तर पाठवा पोरीला. लिहून मी देणार नाही.”

इथे एक कायदेशीर पेच होता, तो आम्हाला उशिरा कळला. मार्कांवर घेतलेल्या विद्यार्थ्याला काढायला कारण लागतं, आणि संडास नसणं हे कारण विद्यार्थ्याच्या बाजूने जातं. राजीनामा मिळाला तर प्रश्नच नव्हता. तो मिळत नव्हता. म्हणून रिसबूड साहेब रोज मला विचारत, “आला का?” मी रोज नाही म्हणे, आणि यमुना रोज येऊन बसे. मधल्या सुट्टीत ती समोरच्या गल्लीत आमच्या घरी जाई. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, विचारत बसू नकोस, सरळ मागच्या दाराने येत जा.

मुलांचाही प्रश्न सुटला. तिला हाक काय मारायची हे त्यांना कळेना. नाव घ्यायचं धाडस होईना, ‘बहनजी’ म्हणावं तर ती वयाने लहान. इंदुरात भैयाला भिया म्हणतात आणि कुणालाही म्हणतात, त्या रिवाजाने शेवटी ती गावडे भिया झाली. “गावडे भिया, रबर देना जरा.” ती देई. सोडलेले बाक हळूहळू भरले.

मग भोपाळहून पत्र आलं. युवक-जागृतीचा पंधरवडा साजरा होणार आणि उद्घाटनाला स्वतः श्रीवास्तव साहेब येणार. झेंडूच्या माळा सांगितल्या गेल्या. फाटकावरच्या वाक्याला दुसरा हात देण्यात आला. रिसबूड साहेबांची झोप मात्र उडाली. हुकूम मिळून इतके दिवस झाले आणि राजीनामा नाही. त्यांनी गावड्यांना निरोप धाडला: उद्घाटनाच्या दिवशी समक्ष हजर राहा.

श्रीवास्तव साहेब आले. गोरे, जाड चष्म्याचे, हसरे गृहस्थ. त्यांचे वडील सागरला वकील होते, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. भाषणात त्यांनी तरुणांना राष्ट्राच्या नौकेचे शीड, सुकाणू आणि नांगर अशा तिन्ही गोष्टी म्हटलं. मग चहाला ते सुपरिंटेंडेंटच्या खोलीत बसले आणि त्यांना सहज आठवलं.

“अरे रिसबूड जी, वो लड़की वाला राजीनामा हो गया था न?”

रिसबूड साहेब उभे राहिले. “सर, माफ़ी चाहता हूँ. बाप देने को तैयार नहीं है.”

उपसंचालकांनी कप खाली ठेवला. “तैयार नहीं? फिर लड़की?”

“लड़की रोज आती है, सर.”

“बाप की मर्जी नहीं, और आप उसे रोज बिठाते हैं? कल को वो थाने चला गया तो?” त्यांचं हसू गेलं होतं. आजच्या आज मुलीचं नाव कमी करा, असं त्यांनी सांगितलं. मी दाराशी उभा होतो. इतके दिवस जे कागदाअभावी अडलं होतं, ते आता कागद नसल्यामुळेच होणार होतं. हे काही मला उलगडेना.

गावडे बाहेर व्हरांड्यात होते. त्यांना आत बोलावलं. त्यांनी वडिलांची लाल होळकरी पगडी घातली होती. मागे यमुना आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“देखिए,” उपसंचालक समजुतीच्या आवाजात म्हणाले, “राजीनामा देने में आपको क्या तकलीफ़ है?”

“साहेब, जान दे दूँगा, राजीनामा नहीं दूँगा. लड़की पढ़ेगी.”

“पढ़ेगी, तभी तो राजीनामा माँग रहे हैं.”

“राजीनामा दे दिया तो पढ़ेगी कैसे?”

“नहीं देंगे तो कैसे पढ़ेगी?”

दोघेही एकमेकांकडे वेड्याकडे पाहावं तसे पाहू लागले. रिसबूड साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. तेव्हा यमुना बापाच्या मागून पुढे झाली.

“साहब, आपको इस्तीफा चाहिए कि मंजूरी?”

“इस्तीफा?” श्रीवास्तव साहेब म्हणाले. “किसका इस्तीफा?”

रिसबूड साहेब इतका वेळ उभे होते, ते खाली बसले.

ज्यांना हा घोटाळा कळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. हिंदीत, त्यातही कोर्टकचेरीच्या हिंदीत, राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद: संमतिपत्र. वकिलाच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द दुधाबरोबर मिळालेला. आम्ही इंदूरची मराठी माणसं हिंदी दिवसभर बोलतो, पण बाजारात आणि ऑफिसात नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. राजीनामा हा शब्द हिंदीत आमच्या कानावरून कधी गेलाच नव्हता. म्हणून तो कानी पडला तेव्हा आम्ही घरचा अर्थ लावला, आणि खात्रीने लावला. भोपाळचा हुकूम पहिल्या दिवसापासून एवढाच होता, की बापाची संमती घ्या आणि मुलीला शिकू द्या.

गावड्यांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते म्हणाले, “मंजुरी तर मी पहिल्या दिवशीच दिली होती. कोणी विचारलीच नाही.”

कागद तिथल्या तिथे लिहिला. वर शीर्षक काय द्यायचं यावर मात्र पुन्हा अडलं. श्रीवास्तव साहेब ‘राजीनामा’ म्हणत होते. त्या नावाच्या कागदावर सही करणार नाही, असं गावडे म्हणत होते. ‘संमतिपत्र’ हा शब्द दोघांनाही चालला असता, पण तो तेव्हा कुणाला सुचला नाही. शेवटी कागद बिनशीर्षकाचा राहिला. गावड्यांनी सही केली, पगडी नीट केली आणि उपसंचालकांना नमस्कार केला. यमुना वर्गात परत गेली. तिचं अर्धं ड्रॉइंग बोर्डावर लावलेलं होतं.

संडासाचा प्रश्नही श्रीवास्तव साहेबांनी जाता जाता सोडवला. नकाशा करून पाठवा, मंजूर करतो, म्हणाले. मी वर्गाला तोच अभ्यास दिला. यमुनाचा नकाशा सगळ्यात स्वच्छ होता. एक इंचाला चार फूट, दार, झरोका, टाकीची जागा, सगळं बरोबर. तिने पहिल्याप्रथम कोपऱ्यात स्केल लिहिलं होतं. रिसबूड साहेबांनी तोच नकाशा भोपाळला पाठवला.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो, ती पुढे नोकरीभर उपयोगी पडली. वरून आलेल्या आदेशात अनोळखी शब्द असला तर काळजी नसते. माणूस त्याचा अर्थ विचारतो. ओळखीचा शब्द दिसला की मी तो दोनदा वाचतो आणि मग कुणाला तरी विचारतो. यामुळे वरिष्ठांचं माझ्याविषयी मत फारसं चांगलं राहिलं नाही.

यमुना पास झाली. तिला बांधकाम खात्यात ट्रेसरची, म्हणजे नकाशे पारदर्शक कापडावर उतरवून काढण्याची जागा मिळाली. देवासच्या मुलाचं लग्न कधीच झालं होतं. त्याची आई खरोखरच घाईत होती. यमुनाने पुढे लग्न केलं ते स्वतःच्या सवडीने. निमंत्रणपत्रिकेवर तिच्या नावामागे ‘कु.’ऐवजी ‘चि. सौ. कां.’ होतं. आमच्या जुन्या वर्गातल्या मुलांनी तिला आहेर पाठवला, त्यावर ‘गावडे भिया को’ असं लिहिलं होतं.

तिच्या नकाशावरून उभी राहिलेली पहिली इमारत म्हणजे आमच्या संस्थेतला मुलींचा संडास. भोपाळहून मंजुरी आली तेव्हा ती नोकरीला लागून बरेच दिवस झाले होते, आणि संस्थेत दुसरी मुलगी नव्हती. फाटकावरच्या वाक्याचा रंग तोवर उडाला होता. संडास मात्र पक्का बांधला गेला. त्यात सिमेंटची पोती ठेवत.