गोटा लावायचं काम

नवऱ्याच्या मांडीवर सागाचा ओंडका होता आणि माझा चुलतसासरा नारळ मागत होता.

"नारळ फोडल्याबिगर कोणी हात लावू नका," तो मजुरांना म्हणाला. "झाड कोपलं हाय. हात लावान तं तुमीबी जासान."

शेजारच्या गावचे चार मजूर मागं सरकले. नवरा उताणा पडला होता, तोंड मातीच्या रंगाचं झालेलं. तो खालूनच म्हणाला, "काका, तो नारळ माया टकुऱ्यावर फोडा, पन पयले लाकूड उचला."

कोणी हसलं नाही. कोणी उचललंही नाही.

दारव्ह्याकडच्या आमच्या लहानशा तुकड्यात सागाची थोडी झाडं होती. नव्या घराला लाकूड लागणार, म्हणून परवानगी काढून पाडली. जमीन उताराची. बैलांनी साखळीनं ओंडका ओढायचा आणि बैल थांबले की उताराच्या बाजूनं ओंडक्याखाली गोटा लावायचा, म्हणजे तो घरंगळत नाही. गोटा लावायचं काम चुलतसासऱ्याचं होतं. साखळी ढिली झाली म्हणून नवरा ती सोडून पुन्हा बांधायला वाकला आणि त्यानं विचारलं, "काका, गोटा लावला?" हा पाठमोरा होऊन बिडी पेटवत होता. म्हणाला, "लावला, सोड." मी फांद्या ओढत होते. मी डोळ्यांनी पाहिलं, ओंडक्याखाली काहीच नव्हतं. ओरडेपर्यंत ओंडका फिरला होता.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा घरातले देव याच माणसानं टोपल्यात भरून नाल्यात सोडले. नारळ, कोंबडं, सगळं बंद, असा आम्हा बायांना दम दिला. झाडं पाडायच्या आधी सासूला साधी उदबत्ती लावू दिली नाही. आणि आता झाड कोपलं!

"मामाजी, झाड नाही कोपलं," मी चुलतसासऱ्याला म्हणाले. "तुमी गोटा नाही लावला."

"बाईनं मधात बोलू नोको."

"मंग तुमी या मधात. घ्या सब्बल."

तो आला नाही. बैलबंडीतली सब्बल, लोखंडी पहार, मीच काढली, ओंडक्याखाली घातली, तिच्याखाली दगड ठेवला आणि पोटानं सगळा भार देऊन दाबली. ओंडका बोटभर वर आला.

तेवढ्यात सासू भाकरी घेऊन आली. चुलतसासरा म्हणाला, "वहिनी, धावत जा, घरून नारळ आना."

"आनतो ना, भाऊजी. तुमच्या मयतीले आनतो," म्हणत तिनं टोपली टाकली आणि खाली बसली. मी दाबलं की ती ओंडक्याखाली गोटा सरकवायची. पुन्हा दाबलं की त्याहून मोठा. फट पुरेशी झाली तेव्हा तिनं मुलाला बगलेत धरून ओढलं. मी सब्बल सोडली नाही.

तो बाहेर आल्यावर सगळे धावले. बंडीत घालून दवाखान्यात न्यायला सगळ्यांत मोठा आवाज चुलतसासऱ्याचाच.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या झाडाच्या खुंटावर नारळ फोडला, मजुरांना खोबरं वाटलं. पुढं कित्येक वर्षं तो वस्तीत सांगत फिरला, नारळानं पुतण्या वाचला. नवरा मान खाली घालून ऐकायचा. मी ऐकून घेतलं नाही. भर लोकांत विचारायचे, "मामाजी, गोटा कोनं लावाचा होता?" मग तो खिशात बिडी चाचपायचा.

पाय वाकडा जुळला. नवरा जगला.