पॉइंटवाले आणि व्याह्यांची शेड

या वायरमनला सगळे पॉइंटवाले म्हणत, कारण त्यांनी जन्मभर अंदाज दिला तो पॉइंटवर. घरात शिरायचं, मान वर करून खोल्या फिरायच्या, दिवे, पंखे, प्लग बोटांवर मोजायचे आणि चहा संपायच्या आत आकडा सांगून मोकळं व्हायचं. एका पॉइंटला अमुक दर, त्यात वायर, पाइप, बटण, मजुरी सगळं आलं. टेप लावून मोजणाऱ्यांची ते टर उडवायचे. आकडा फारसा चुकायचाही नाही. पण केली सगळी घरंच ना!

मग व्याह्यांनी लोखंड कातायच्या लेथ मशिनांच्या वर्कशॉपसाठी नवी शेड बांधायला घेतली आणि वायरिंगचा खर्च विचारला. लेकीच्या सासरचं काम! तिथे सगळ्यांदेखत शिडीवर चढून मापं घेणं पॉइंटवाल्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी शेड नजरेखालून घातली, मशिनं कुठे बसणार ते ऐकलं, पॉइंट मोजले आणि दिला आकडा ठोकून. व्याही खूश.

चूक उमगली ती दुकानात माल सांगताना. दुकानदाराने सहज विचारलं, "छत किती उंच?" आणि पॉइंटवाल्यांनी मालाची यादी परत खिशात घातली. घरात वायर छताकडून बटणापर्यंत उतरते ती जेमतेम तीन-चार हात. शेडमध्ये प्रत्येक मशीनची जाड केबल पार वरच्या लोखंडापर्यंत चढवायची, आडवी न्यायची आणि पुन्हा तेवढीच खाली आणायची. हा चढ-उतार या शहाण्याने धरलाच नव्हता. हिशोब परत मांडला, परत मांडला. दर वेळी आकडा दीडपट.

"अहो, जेवताय की नुसतं ताट बघताय?" बायकोने विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मग वरचे पैसे आपण घालू."

"आपल्याकडे आहेत कुठे?"

"मग बारीक केबल टाका. कोणाला कळतंय?" ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली. बारीक केबल तापते, हे वायरमनच्या बायकोला कोणी सांगायला नको होतं. आणि त्या शेडमध्ये त्यांची स्वतःची पोर उभी राहून काम करणार होती. लेथ चालवायला शिकूनच ती त्या घरात गेली होती.

पॉइंटवाल्यांना व्याह्यांच्या रागाची भीती नव्हती. ते दोन शब्द बोलले असते, यांनी ऐकून घेतले असते. भीती टोमण्याची होती. कोणीतरी जेवायला वाढता वाढता म्हणणार, "तुझ्या बाबांचं काय, बोलतात आणि फिरतात." पोर मान खाली घालून घास गिळणार. या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला.

सकाळी ते शेडवर गेले. व्याही गवंड्याचं काम बघत होते, लेकही तिथेच होती.

"या व्याहीबुवा, कधी हात घालताय कामाला?"

"चुकलं माझं. उंची धरायची राहिली," पॉइंटवाले म्हणाले आणि त्यांनी नवा आकडा सांगितला.

व्याही रागावले नाहीत. नुसते विटांच्या ढिगावर बसले. "अहो, तुमच्या शब्दावर बँकेत आकडा दिला. कर्ज मंजूरही झालं. आता वरचे कुठून आणू?"

"माझी मजुरी धरू नका."

"तरी भागत नाही हो."

लेक उठली. मशिनांच्या जागा जमिनीवर खडूने आखल्या होत्या, त्यातल्या कोपऱ्यातल्या चौकोनापाशी जाऊन उभी राहिली. तिथे नवऱ्याच्या मशीनशेजारी तिचं मशीन बसणार होतं, तिचं एकटीचं, पहिलंच.

"आबा, हे मशीन सध्या नको," ती सासऱ्यांना म्हणाली. "त्याचे पैसे केबलला लावा. ह्यांचं मशीन रिकामं असेल तेव्हा मी त्यावर काम करीन."

व्याही हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

ती चपलेने खडूची रेघ पुसू लागली.

"राहू दे ना ती, पुढे लागेलच," पॉइंटवाले कसंबसं म्हणाले.

"तेव्हा नव्याने आखू. तुम्ही काम तेवढं नीट करा, म्हणजे झालं."

आवाजात राग अजिबात नव्हता. जन्मात पहिल्यांदाच पोर त्यांच्याशी गिऱ्हाइकासारखं बोलली होती.