दादांचं पुढं पळणारं घड्याळ

आमच्या घरातलं कुणी आजवर कुठंही वेळेवर पोचलेलं नाही. आम्ही सगळीकडं आधीच पोचतो.

याला कारण दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मनगटी घड्याळ. ते चांगलं अर्धा तास पुढं असायचं. त्याच्या भरवशावर आम्ही आमच्या मुरुम गावच्या स्टँडवर जायचो आणि एस.टी. लागायच्या आधीच प्रवासाची शिदोरी संपवून बसायचो. शाळेत मी शिपायाच्या आधी हजर, त्यामुळं झाडू माझ्याच हातात यायचा. माझ्या लग्नात तर आमचं वऱ्हाड उतरलं तेव्हा मुलीकडची मंडळी आंघोळी करत होती. (सासरे पंच्यावरच सामोरे आले. तो संकोच आम्हा दोघांत शेवटपर्यंत राहिला.) घड्याळ दुरुस्त करून घ्या म्हटलं की दादा म्हणायचे, चालू आहे की, दुरुस्त काय करायचं?

दादा गेले आणि आईनं घड्याळ ज्वारीच्या कणगीत ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळापासून मोलाची वस्तू धान्यात ठेवायची, हा तिचा कायदा. बरं, नुसतं ठेवलं नाही! कीड लागू नये म्हणून डाळीला चोळतात तसं एरंडेल चोळलं आणि वर कडुलिंबाचा पाला पसरला. वर्ष होत आलं, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा ती मला म्हणाली, "त्या दिशी घड्याळ चालू पायजे. त्यांच्या फोटोम्होरं ठिवायचंय. टिकटिक ऐकून लई दिस झाले."

दुसरं काही तिनं मागितलं नाही. मी घड्याळ बाहेर काढून हलवलं, तर ते खुळखुळ्यासारखं वाजलं.

काचेवर तेलाचा पिवळा थर, त्यामुळं कंपनीचं नाव दिसेना. आमचे चुलते नाना म्हणाले, हे निजामाच्या पदरी असलेल्या कुणा गोऱ्या साहेबाचं असणार. मी तेव्हा सहकारी साखर कारखान्यात कारकून. मी ऑफिसात 'विलायती' एवढंच बोललो, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते सोन्याचं झालं होतं. लोक मुद्दाम येऊन वेळ विचारायचे आणि मीही बंद घड्याळात डोकावून ती सांगायचो.

उमरग्याला स्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून सैल झालेलं झाकण उघडलं आणि चिमट्यानं आतून एक मेलेला किडा काढून माझ्यापुढं ठेवला. (एरंडेल वाया गेलं नव्हतं.) मी ऐटीत कंपनी विचारली.

"डायल एक का, काटे दूसरे के, मशीन तिसरे की," चाचा म्हणाले. "इसकू घडी नक्को बोलो साब, बारात बोलो."

त्याची पळायची खोडही मोडा, असं मी बजावून आलो. घड्याळ आणायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "भागने का मर्ज इसकू थाच नै. मशीन एकदम शरीफ है." मी ते कानाआड केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात माणसं बसली, मेणबत्त्या लागल्या. फोटोपुढं घड्याळ टिकटिकत होतं. एवढ्यात कारखान्याचा बाराचा भोंगा झाला आणि घड्याळाचे दोन्ही काटे बरोबर एकावर एक. मी छाती काढून सगळ्यांकडं पाहिलं. आईनं घड्याळ उचललं, कानाशी धरलं, मग डायलकडं बघत राहिली आणि हळूच खाली ठेवलं.

"हे त्यांचं न्हाय."

मला वाटलं, चाचांनी घासून चकचकीत केलं म्हणून ओळखलं नसेल. मी समजावू लागलो की तेच आहे, फक्त आता बरोबर वेळ दाखवतं.

"त्यांचं कवा बरुबर व्हतं?" ती म्हणाली. "काटे त्येच हातानं म्होरं सारायचे."

मग तिनं सांगितलं. दुष्काळी कामावर दादा मुकादम होते आणि आई तिथंच इतर बायांबरोबर खडी फोडायची. (मी लहान, आजोळी होतो.) सुट्टीची शिट्टी मुकादमाच्या घड्याळावर व्हायची. ऊन डोक्यावर यायच्या आत बायांना सावली मिळावी म्हणून दादा रोज काटे पुढं करायचे.

"सायब जीपमधनं यायचा. म्हनायचा, मुकादम, तुझं घड्याळ पळतंय. ह्ये म्हनायचे, व्हय सायब, गरिबाचं हाय." आई हसली आणि तिचे डोळे भरले. "दुस्काळ सरला तरी काटे मागं घेतले न्हाईत. म्हनले, तुला लौकरच्या शिट्टीची सवय लागलीया."

दादा एकदा, फक्त एकदा, मांडवात यावेत असं मला फार वाटलं. मी घड्याळाची चावी ओढली आणि काटे पुढं सरकवले. आईनं ते पुन्हा कानाशी धरलं.

"हां. आता झालं त्यांचं."

अशा रीतीनं उमरग्याला खेटे घालून दुरुस्त केलेलं घड्याळ मी घरी बसून बिघडवलं. आता आईही नाही. घड्याळ माझ्या मनगटावर आहे आणि अजून पुढंच आहे. परवा भाचीच्या लग्नाला पोचलो तेव्हा कार्यालयासमोर नुसता एक टेम्पो उभा. मांडववाला खुर्च्या उतरवत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला. "मालकानं आज मदतीला मानूस येळेवर धाडला बघा. धरा काका ती बाजू."

मी धरली. आमच्या घराण्यात कुणाला 'वेळेवर' म्हटल्याचा तो पहिलाच प्रसंग होता!