परातीतले पाय

स्टेजवर खुर्ची मांडली होती. खुर्चीपुढं पितळेची परात. मले बसवलं अन् कार्यक्रमाच्या बाईनं कानात सांगितलं, "बूट काढ. साहेब तुझे पाय धुणार आहेत."

साहेब म्हंजे वाशिमच्या त्या संस्थेचे अध्यक्ष. जिल्ह्याच्या पाच हजार मीटरच्या शर्यतीत मी पयली आली होती, त्याचा हा सत्कार. मी मेडशीकडच्या तांड्यावरची, ऊसतोडीवाल्याची पोरगी. असा मान आमच्यात कोनाले भेटला? माय समोरच्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. मी बूट काढले.

साहेबांनी एका पायावर पानी टाकलं, कुंकू लावलं. मंग माही पोटरी धरली. बाजारात गोऱ्हा घेताना दाबून पाहतात, तशी दाबली. अन् माईक हाती घेऊन म्हनाले, "बघा. हे शिकवून येत नाही. यांच्या रक्तातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या रानोमाळ पळणारी माणसं ही."

लोकायनं टाळ्या वाजवल्या. मायनंबी वाजवल्या. मले किळस आली. त्या पान्याची, कुंकवाची, पोटरीवरच्या त्या मऊ हाताची.

पन खरं तं पुढंच होतं. पयल्या नंबराले याच संस्थेच्या पुन्याच्या शिबिरात जागा, असं शर्यतीच्या कागदावर छापलं होतं. वर्षभर राहनं, खानं, कोच, डॉक्टर. जागा एकच. साहेबांनी त्याच माईकवर सांगितलं की ती जागा दुसऱ्या नंबराच्या पोरीले देली. ती त्यायची पुतनी. माह्यापेक्षा अर्धी चक्कर मांगं होती.

"हिला ट्रेनिंगची काय गरज?" माह्याकडे बोट करून म्हनाले. "हिला देवानंच घडवलंय. गरज आमच्या पोरीला आहे."

लोकं हसले. 

रक्तात म्हने. माही सख्खी बहीन हाये, एका मायची. ते रक्त तिच्यातबी हाये. तिले पुलापर्यंत पळ म्हना, धापा टाकत खाली बसते. मी चार वर्सं घासली. शाळेतले खेळाचे सर सायकलवर मांगं अन् मी म्होरं. सोमवारी हळूहळू, लांब. बुधवारी चारशे मीटर दहा वेळा, मधात दीड मिनिट दम. ऊसतोडीले गेली तं सर फोनवर सांगत. कोयता ठेवला की फडाजवळच्या गाडीरस्त्यावर पळत होती. मुकादम म्हने, पोट्टी पागल झाली. अंगठ्याची नखं दोनदा काळी पडून गळली. तवा कुठं होतं साहेबायचं ते रक्त?

अन् समजा असन काई जन्माचं. छातीत दम असन जास्त. तं मंग? बियानं चांगलं हाये म्हनून वावराचं निंदन-डवरन कोनी सोडून देते काय? यायच्या पोरीले कोच पायजे, अन् आमाले देव पुरते. दुसऱ्याचं हिसकायचं अन् वरून त्याचे पाय धुवायचे. असा घाण मान मी जन्मात पाह्यला नव्हता.

साहेब दुसऱ्या पायाले हात घालाले वाकले. मी पाय ओढून घेतला. परात कलंडली. त्यायच्या पांढऱ्या पायजाम्यावर लाल पानी गेलं.

मी म्हनली, "साहेब, हे पाय मी घडवले. देवानं नाई. शिबिराची जागा माही हाये."

माईक चालूच होता. साहेब रुमालानं पायजामा पुसत मायकडे पाहून हसले. "वळण नाही हो हिला," म्हनाले.

माय उठली. मले वाटलं, आता मारते. तिनं स्टेजवर येऊन माह्ये बूट उचलले, माह्या हातात देले अन् म्हनली, "चाल." शाल-नारळ खुर्चीवरच राह्यलं.

आमी येष्टीत बसलो. मालेगाव गेल्यावर माय म्हनली, "मले वाटलं, मान देऊन राह्यले."

"मलेबी तसंच वाटलं," मी म्हनली.

जागा गेली ती गेलीच. पुतनी तीन महिन्यात घरी आली. तिथं लय पळा लागते म्हने. जागा रिकामी राह्यली, पन मले कोनी बोलावलं नाई. थू यायच्या जिंदगीवर.

आता तांड्यावरच्या सहा पोट्ट्या माह्यासंगं पळतात. कोनी कौतुकानंबी म्हनलं, यायच्या रक्तातच हाये, तं मी तिथंच त्याचं तोंड बंद करते. म्हनते, बुधवारी ये अन् दहा चकरा मोज.

पुढच्या महिन्यात पुन्हा निवड हाये. मी पळनार, पयली येनार. अन् त्याच दिवशी साही पोट्ट्या घेऊन त्या संस्थेच्या हापिसात जाऊन बसनार. शिबिराच्या यादीत माहं नाव लिहून, सही-शिक्का मारून कागद हाती भेटत नाई, तोवर उठनार नाई. संस्थेवाले हार आनतीन, फोटोवाला बोलावतीन. हार नको म्हनावं. कोच पायजे.