एरंडेल लावलेली काडतुसं

टेबलावर दुनाळी बंदूक. बंदुकीचं तोंड पीआय साहेबांच्या पोटाकडं. आणि समोर बसलेल्या आजी शांतपणे सांगत होत्या, "भरल्याली हाय बरं का सायेब. जपून."

साहेब खुर्चीसकट डावीकडं सरकले. आजींना वाटलं, साहेबांना बंदूक नीट दिसत नसावी. त्यांनी ती उचलून पुन्हा साहेबांकडं तोंड करून ठेवली. साहेब उजवीकडं सरकले. आजींनी पुन्हा मदत केली.

"आर्मररला बोलवा!" साहेब ओरडले. आधीचं मला नंतर कळलं, पण हे ओरडणं बाहेर व्हरांड्यात ऐकू आलं.

आर्मरर म्हणजे पोलीस खात्यातला हत्यारांचा डॉक्टर. रायफली, पिस्तुलं, काडतुसं तपासायची, साफ करायची, बिघडली तर दुरुस्त करायची. माझी सगळी नोकरी धाराशिवच्या मुख्यालयात यातच गेली. निवडणूक आली की परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. त्यासाठी मला या ग्रामीण ठाण्यात पाठवलं होतं. काम तसं सोपं. बंदूक रिकामी आहे ना ते बघायचं, चिठ्ठी बांधायची, कपाटात ठेवायची. लोक रिकामीच आणतात. आणायलाच पाहिजे.

मी आत गेलो आणि पहिल्यांदा बंदुकीचं तोंड भिंतीकडं वळवलं.

"तिकडं लॉकअप आहे!" ठाणे अंमलदार शेख मॅडम म्हणाल्या. भिंतीपलीकडून लॉकअपमधला माणूसही म्हणाला, "ओ साहेब, मी नुसती मोटर चोरलीय!"

शेवटी बंदूक छताकडं तोंड करून धरली आणि हळूहळू चालत अंगणात गेलो. तिथं जप्त केलेल्या वाळूचा मोठा ढीग होता. ढिगाकडं तोंड करून बंदूक बाकावर ठेवली. वाळूत गोळी गेली तर कुणाचं काही जात नाही. सगळं ठाणं माझ्या मागं येऊन उभं राहिलं, पण बरंच मागं.

आजी मात्र माझ्या शेजारी. त्यांचं नाव कोंडाबाई. ढोकीजवळ त्यांची वस्ती, चहूबाजूंनी ऊस. मालक वारले, परवाना त्यांच्या नावावर झाला. मुलगे पुण्याला. वस्तीवर त्या एकट्या, दोन म्हशी आणि ही बंदूक.

"आजी, बंदूक रिकामी करून आणायची असते," मी म्हणालो.

"व्हईना ना रिकामी! म्हणून तर तशीच आणली."

"कशातनं आणली?"

"काळ्या-पिवळी जिपीतनं. वाकळंत गुंडाळून. डायवर म्हणला, आजी, तुमचं पाइप जरा बाजूला घ्या, मानंला टोचतंय."

मी डोळे मिटले. त्या ड्रायव्हरला आजपर्यंत कुणी खरं सांगितलेलं नाही. सांगूही नये.

दुनाळी बंदूक मधे मोडून उघडतात. वरची खिट्टी बाजूला ढकलली की नळ्या खाली झुकतात, काडतुसाची जागा दिसते. ही खिट्टी गंजून बसली होती. मी तेल सोडलं. तेल मुरेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. शेख मॅडमनी चहा मागवला. चहावाला गेटमधून आत बघून बाहेरच थांबला. चहा आम्हाला तिकडं जाऊन आणावा लागला.

खिट्टी सुटली. एक नळी रिकामी. दुसरीत काडतूस. पितळी बूड हिरवं पडलेलं, गंजानं नळीला चिकटलेलं.

"हे कधी भरलं, आजी?"

"म्या न्हाय. मालकांनी भरल्यालं हाय त्ये. जायच्या आदल्या पावसाळ्यात. त्येंच्या हातचं म्हणून म्या ऱ्हाऊ दिलं."

मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ती बंदूक भरलेली. ती कुठं ठेवत होतात, असं मी आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, उशाला.

साहेबांनी लांबूनच विचारलं, "आणि झोप लागायची?"

"त्येच्याबिगर लागत नव्हती."

आता काढायचं कसं? बंदूक उघडलेली असली की टोपीवर मारणारी पिन काडतुसापासून लांब असते. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेला ठिपका. पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते, आत दारू पेटते, पुढं छर्रे जातात. पिन लांब, म्हणजे धोका कमी. कमी, पण नाही असं नव्हे. मी नळीच्या कडेला उभा राहिलो, पुढून लाकडी दांडी घातली आणि हलक्या हातानं दाबत राहिलो. हे काम घरी करू नका. माझाही शर्ट भिजला होता.

काडतूस सुटून माझ्या हातात आलं. मागं कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. टाळी थांबली.

"झालं. उरलेली काडतुसं कुठायत?" साहेब आता जवळ आले.

कोंडाबाईंनी पिशवीतनं स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत कडुलिंबाचा वाळका पाला, आणि पाल्यात सहा काडतुसं. अशी चकचकीत काडतुसं मी कारखान्यातून आलेल्या पेटीतही बघितली नव्हती. हातात घेतलं तर सटकलं.

"आजी, याला काय लावलंय?"

"एरंडेल."

"एरंडेल?"

"तुरीच्या डाळीला लावत न्हाईत का? कीड धरत न्हाय. दरसाल लावते. आदी उन्हाळ्यात पत्र्यावर वाळवते, कुरडयांच्या शेजारी. चांगलं आठ दिस कडक ऊन देते. मग एरंडेल चोळते, मग लिंबाचा पाला. मालक असताना कुणी बघत सुदिक नव्हतं त्येच्याकडं. म्याच जपलंय."

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. शेख मॅडम खोकल्याचं निमित्त करून आत गेल्या.

काडतुसाचे तीन वैरी. ऊन, ओल आणि तेल. उन्हात दारूचा कस जातो. ओलीनं दारू दमट होते, पितळ हिरवं पडतं. आणि तेल टोपीच्या फटीतून आत झिरपलं की टोपी मरते. पिन आपटते, ठिणगीच पडत नाही. मायेनं चोळलेलं एरंडेल वर्षानुवर्षं आत झिरपत होतं, त्यातच वर पत्र्यावरचं ऊन. काडतुसं मारायची म्हणून कुणाला पगार दिला असता, तरी एवढं मन लावून केलं नसतं.

हे मी आजींना सांगितलं. जरा सौम्य करून सांगितलं.

"मग तुरीला कसं काय हुत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"तूर उडवायची नसते, आजी."

"तुमी काय बी बोलता. लई दमदार हाईत ती."

इथपर्यंत सगळे हसत होते. मग साहेबांनी सहज विचारलं, वस्तीवर कधी गरज पडली का? कोंडाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, मागच्या दिवाळीत शेजारच्या वस्तीवर चोर आले होते. म्हातारा-म्हातारीला खोलीत कोंडलं, अंगावरचं सोनं नेलं. "तिथनं आमच्याकडं बी यायचे. म्या दारात बसले, ही मांडीवर घिऊन. आले न्हाईत. आले असते तर म्या सोडलं नसतं."

म्हणजे ही बाई त्या रात्री मेलेल्या काडतुसांच्या जिवावर दारात बसली होती. आणि पुढच्या वेळीही बसणार होती.

साहेब माझ्याकडं वळले. "यांना तोंडी सांगून पटणार नाही. रेंजवर घेऊन चला."

मुख्यालयात फोन झाला, परवानगी मिळाली. दुपारी आम्ही रेंजवर. रेंज म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान, समोर मातीचा उंच बांध. आजींची बंदूक गंजलेली, ती वापरायची नव्हती. आमच्याकडं त्याच मापाची, बारा बोअरची एक जुनी दणकट बंदूक होती. ती जुन्या टायरांवर घट्ट बांधली, चापाला लांब सुतळी बांधली आणि सुतळीचं टोक घेऊन मी आडोशाला गेलो. संशय असलेलं काडतूस हातात बंदूक धरून उडवत नाहीत. फुटलं तर नळी फुटते.

पहिलं एरंडेलवालं काडतूस. सुतळी ओढली.

टिक्.

"काय झालं?" आजी.

"काही नाही झालं. तेच तर."

अशा वेळी लगेच जवळ जायचं नसतं. थांबायचं. थांबलो, मग काढलं. दुसरं. टिक्. तिसरं. टिक्. आजी दर वेळी माझ्याकडं बघायच्या, जसं काही मीच सुतळी नीट ओढत नव्हतो. चौथ्याला आवाज आला, पण तो आवाज मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकला. फुस्स. नळीतून धूर आला आणि छर्रे समोर चार हातांवर टपटप पडले. ऊस खाणाऱ्या डुकरानंसुद्धा मान वर केली नसती. नळीत काही अडकलं नाही ना, ते बघितलं. पुढची दोन. टिक्. टिक्.

कोंडाबाई खाली मातीवर बसल्या. "एवढी जपली की वो," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. साहेबांनाही वाटलं असावं, कारण ते त्यांच्या शेजारी खाली बसले, इस्त्रीच्या वर्दीत.

"राहू दे, आजी," ते म्हणाले. "शेवटचं राहिलंय. मालकांचं. तेही बघू आणि घरी सोडतो तुम्हाला."

ते हिरवं काडतूस. मी त्याचं बूड पुसून बंदुकीत भरलं. सहा नीट जपलेली गेली, हे गंजकं काय उडणार. सुतळी ओढली.

टिक्.

"गेलं," साहेब म्हणाले आणि उठून बंदुकीकडं निघाले.

"साहेब, थांबा! हलू नका!"

मी नोकरीत वरिष्ठांवर असा कधीच ओरडलो नव्हतो. साहेब एक पाय उचललेला तसेच थांबले. आणि मग ती बंदूक उडाली.

धडाम्!

टायर उड्या मारून मागं आले. बांधावरची माती उडाली. कावळे उठले. साहेब कधी खाली झोपले ते कुणाला दिसलं नाही. ते नंतर म्हणाले, मी पोझिशन घेतली होती.

याला हँग फायर म्हणतात. टोपी वाजते, पण दारू दमट असते, ती लगेच पेट घेत नाही. आत धुमसत राहते आणि मग अचानक उडते. म्हणून टिक् झालं तरी बंदूक समोरच धरायची, निदान अर्धा मिनिट, जास्त झालं तरी चालेल. लगेच उघडायची नाही. नळीच्या तोंडात बघायचं तर अजिबात नाही.

धूर निवळला. कोंडाबाई उभ्या होत्या, कमरेवर हात.

"बगा! मालकांचंच उडलं!"

"त्याला कुणी ऊन दिलं नाही, तेल लावलं नाही," मी समजावलं. "ते नळीत पडून राहिलं. कुणी लक्षच दिलं नाही म्हणून टिकलं."

आजींनी जरा विचार केला. "खरं हाय. मालकांकडं बी म्या कधी लक्ष दिलं न्हाय. शेवटपतूर ठणठणीत व्हते."

साहेब वर्दी झटकत होते. ते पुन्हा खाली बसले, या वेळी हसून.

जीपमध्ये आजींनी मुद्द्याचं विचारलं. "मग दादा, किती दिसांनी बदलायची म्हणता?"

हे मला लोक नेहमी विचारतात, म्हणून सांगतो. कंपनीच्या पेटीतली काडतुसं कोरड्या, गार जागी ठेवली तर बरीच वर्षं टिकतात. पण जिवाच्या रक्षणासाठी ठेवलेल्या काडतुसावर 'बहुतेक उडेल' असं चालत नाही. जी सारखी बंदुकीत भरली-काढली जातात, ती वर्षाला बदला. पेटीतली चार-पाच वर्षांत बदला. पावसाळा सरला की एकदा डब्यातली सगळी बघा. हिरवं, फुगलेलं, चेपलेलं काडतूस बाजूला काढा. आणि उशाला भरलेली बंदूक ठेवू नका.

"आणि जुनी चुलीत टाकायची?"

"नाही!" साहेब, मी आणि ड्रायव्हर एकदम ओरडलो. जुनी काडतुसं बंदुकीच्या परवानाधारक दुकानात किंवा ठाण्यात न्यायची. चूल नाही, विहीर नाही, भंगारवाला तर नाहीच.

आजींना वस्तीवर सोडून ठाण्यात परत आलो. मी निघायच्या तयारीत होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. कमरेच्या पट्ट्याला चामडी पाऊच होतं. त्यातून त्यांनी स्वतःची जादा काडतुसं काढून टेबलावर ठेवली.

"सहज. बघ जरा."

चामडं कमावायला जी रसायनं वापरतात, ती पितळाला खातात. काडतुसं चामड्यात कायमची ठेवली की कळकतात, कल्हई उडालेल्या भांड्यासारखी. साहेबांची काडतुसं पोपटी झाली होती.

"किती दिवस आहेत यात, साहेब?"

"मागच्या पोस्टिंगपासून." मग हळूच, "बाहेर बोलू नकोस."

मी नाही बोललो. पण दार उघडलं तर बाहेर सगळं ठाणं रांगेत उभं होतं. प्रत्येकाच्या हातात आपापलं पाऊच, आणि सगळ्यात पुढं शेख मॅडम. मला घरी जायला उशीर झाला.

निवडणूक झाल्यावर कोंडाबाई बंदूक न्यायला आल्या. मी खिट्टी, नळ्या सगळं साफ करून ठेवलं होतं. नवीन काडतुसं त्यांनी परवान्यावर घेतली. आता दर पावसाळ्यानंतर मला फोन करून कळवतात. मागच्या वेळी म्हणाल्या, "बदलली बरं का दादा. काय सुदिक लावलं न्हाय. नुसती ठिवलीत. पण लई चुकल्यागत वाटतंय."

वाटू द्या, म्हणालो. बंदुकीला तेल लावा, पुसा, हवी तेवढी माया करा. काडतुसावर माया करू नका. कोरडं ठेवा आणि वेळेवर बदला.