शेवटच्या परेडचा साफा

उत्तरेतलं आमचं मराठी संस्थान विलीन झालं आणि वडिलांची पलटण मोडली. तरुण होते ते देशाच्या फौजेत गेले; वडिलांचं वय आडवं आलं. मग त्यांनी टोपी बाजारात साफ्यांचं दुकान टाकलं. साफा बांधावा तर त्यांनीच, पण विकायचा म्हटलं की सगळा आनंद! गिऱ्हाइकाने भाव कमी करायला सांगितला की ते कापडाची घडी घालून फळीवर ठेवून देत आणि रस्त्याकडे बघत बसत. आई कपाळाला हात लावी.

शेजारचे दुकानदार सिंधमध्ये सगळं सोडून आलेले. मी त्यांना काका म्हणे. त्यांना वडिलांच्या दुकानदारीचं भारी हसू येई. विकायला बसलेल्या शिपायावर त्यांच्या मुलखात ज्या म्हणी होत्या, त्या ते एकेक करून वडिलांवर सोडत. वडील व्यापाऱ्यांवरच्या मराठी म्हणी परत फेकत आणि मग हिंदीत अर्थ सांगत. जवळच्याच गोरखी भागातली शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसे. त्यातली एकही म्हण आता मला आठवत नाही, नुसतं त्या दोघांचं हसणं कानात आहे. नको ते पाढे डोक्यात राहिले आणि नेमकं हेच गेलं, याचा मला अजून राग येतो.

दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर एक लाल साफा होता. पलटणीच्या शेवटच्या परेडला वडिलांनी बांधलेला, आणि घरी येऊन न सोडता तसाच उतरवून ठेवलेला. सोडला असता तर नुसतं कापड उरलं असतं. तलवार सरकारजमा झाली होती, म्हणून दसऱ्याला आई त्या साफ्याचीच पूजा करी.

लग्नसराईत एका संध्याकाळी वडील मला घेऊन मारुतीला गेले. अशा वेळी काका दोन्ही दुकानं सांभाळत. आम्ही परतलो तर वरची फळी रिकामी.

काका खुशीत म्हणाले, "भाईसाहब, आपका वो पुराना माल भी निकाल दिया! दूल्हे का साफा ढीला पड़ गया था, बारातवालों को बँधा-बँधाया चाहिए था."

वडील आल्या पावली वळले. जोडा न घालताच निघाले. मी मागे धावले. सराफ्यात वरात गाठली. घोडीवर कोवळा नवरदेव, डोक्यावर वडिलांचा साफा, जरा कलता. वडिलांनी लगाम धरला. बँड थांबला. मागा ना बाबा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. वडिलांनी नवरदेवाला वाकायला सांगितलं, साफा सरळ केला, मागचं टोक पाठीवर नीट सोडलं आणि बाजूला झाले. वरात पुढे गेली.

एव्हाना तो साफा कसला होता, ते काकांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही परतलो तेव्हा ते रडवेले होऊन दुकानाच्या दारातच उभे होते. "वापस क्यों नहीं लिया?"

"चढ़ा हुआ साफा भरे बाज़ार में कैसे उतारता?" वडील म्हणाले. "हमारा उतरा, तब किसी ने पूछा था क्या?"

त्यानंतर काकांनी शिपायावरची म्हण कधी काढली नाही. वडील मात्र अधूनमधून व्यापाऱ्यावरची एखादी मोठ्याने टाकून बघत, आणि शेजारच्या दुकानाकडे कान लावून बसत.